पेरतानाच निंदायला बसू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, शिक्षण बारावी. घरी सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन. घरात सासू, नवरा आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. गेल्या दिवाळीत त्यांची पहिली कथा एका अंकात छापून आली. कौतुक झालं, तालुक्याला सत्कारही झाला. पण कथेतली एक बाई म्हणजे आपणच, हे ओळखून मोठ्या जाऊबाईंनी बोलणं टाकलं. एका जाणत्या वाचकाने सांगितलं, "संवाद वऱ्हाडीत ठीक, पण निवेदन तरी शुद्ध लिहा." त्याच संपादकांनी यंदा पुन्हा कथा मागितली आहे, जुलैअखेरपर्यंत.

ताई लिहितात : "सात महिने झाले, काही सुचत नाही. रात्री भांडी आटोपून वही घेते. पहिलं वाक्य लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. अर्ध्या तासानं वही मिटते. मोबाईलवर वाचलं की याला रायटर्स ब्लॉक म्हणतात. तो जातो का? की माझ्यात एकच कथा होती? पेरणीला वाफसा (जमिनीत पेरणीजोगी ओल) लागतो, तसा लिहायलाही लागत असेल ना? मी त्याची वाट पाहते, तर चुकते का?" सोबत त्यांनी वहीचं एक पान पाठवलं आहे. एकाच कथेचं पहिलं वाक्य त्यावर नऊ वेळा लिहून खोडलेलं आहे.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रापेक्षा ते खोडाखोडीचं पान मी जास्त वेळ वाचलं. रेघेखालचं अक्षर वाचता येतं. त्यातली तीन वाक्यं तुमच्या परवानगीने इथे देते, कारण असंच अडकलेल्या इतरांनाही ती उपयोगी पडतील.

पहिलं : "सासूनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं अन् मले म्हणे, तुह्या मायचा फोन आल्ता."

चौथं : "सासूबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले आणि मला म्हणाल्या, तुझ्या आईचा फोन आला होता."

नववं : "ग्रामीण भागातील स्त्रीच्या आयुष्यात माहेर या शब्दाला आगळेवेगळे स्थान असते."

पहिल्या वाक्यात जळतं लाकूड आहे आणि ते मागे ओढणारा हात आहे. लाकूड मागे ओढलं म्हणजे जाळ कमी केला. म्हणजे सासूला हातचं काम थांबवून बोलायचं आहे, आणि मायचा फोन काही साधा नव्हता. एवढं सगळं तुम्ही एका ओळीत न सांगता सांगितलंत. चौथ्या वाक्यात वस्तू त्याच आहेत, पण घरात पाहुणे बसल्यावर आपण जसं जपून बोलतो तसं ते झालं आहे. नवव्यात चूल गेली, सासू गेली, माय गेली आणि भाषणाचं वाक्य उरलं.

तेव्हा "काही सुचत नाही" हे मला पटत नाही. तुम्हाला सुचलं होतं, पहिल्याच फटक्यात आणि चांगलं सुचलं होतं. त्यानंतर आठ वेळा तुम्ही ते मोडलंत.

"रायटर्स ब्लॉक" या शब्दाबद्दल थोडंसं. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने तो १९४७ च्या सुमारास रूढ केला. पण "अंगात ताप आहे" म्हटल्याने आजार कळत नाही, तसंच या शब्दाचं आहे. भीती, थकवा, विषयाची अपुरी माहिती, चुकीच्या जागी केलेली सुरुवात, दुसऱ्याचं मत मनावर बसणं, अशा किती तरी गोष्टी त्या एका नावाखाली झाकल्या जातात आणि प्रत्येकीवर उपाय वेगळा असतो. म्हणून हे नाव स्वतःला लावून घेण्याआधी नेमकं कुठे अडलंय ते बघू.

पेरणीच्या वेळी तिफणीमागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मूठ बी सोडत असते आणि तरी तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामा जातो, कारण ओल्या रानात फणाच्या तोंडाशी चिखल बसलेला असतो. तेव्हा कोणी "बी संपलं" म्हणून घरी जात नाही. तिफण उचलतात, काडीने तोंड मोकळं करतात, पुन्हा टेकवतात. तुमच्याही फणाशी चिखल बसला आहे. त्यातला पहिला थर तुम्ही स्वतःच्याच हाताने रोज लावता आहात.

पेरणी आणि निंदण, म्हणजे तण काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत, तुम्ही ती एकाच तासात करायला बसता. पेरल्यावर तीन आठवड्यांच्या आसपास पहिलं निंदण येतं, कारण त्याआधी तण कोणतं आणि पीक कोणतं हेच नीट कळत नाही. कथेचंही असंच असतं. पहिलं वाक्य चांगलं की वाईट हे दहावं पान लिहून झाल्याशिवाय ठरवता येत नाही, कारण ते कशाचं पहिलं वाक्य आहे हेच अजून ठाऊक नसतं. पुष्कळदा छापलेल्या कथेचं पहिलं वाक्य सर्वांत शेवटी लिहिलेलं असतं. त्यातून तुम्ही बसता रात्री, दिवसभर राबून. दमलेल्या मनाला नवं मांडणं जड जातं, चुका काढणं सोपं जातं. म्हणून हातून तेवढंच होतं.

आता वाफशाचं. तुमची उपमा मला आवडली, पण ती अर्धीच खरी आहे. पेरणीसाठी थांबायला माप असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे तुम्ही स्वतः सांगू शकता. मनाच्या वाफशाला असं माप नाही, म्हणून ती वाट सात महिनेही चालते आणि सात वर्षंही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिणं अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने अगदी तातडीची गरज असल्याशिवाय लिहायचं नव्हतं, दुसऱ्याने मन होईल तेव्हा लिहायचं होतं आणि तिसऱ्याने ठरलेल्या दिवशी लिहायचंच होतं. न लिहिल्यास आपल्याला अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला पैसे द्यायचे, अशी या तिसऱ्या गटाला अट होती. त्यांनी सर्वांत जास्त लिहिलं यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच सर्वांत जास्त सुचल्या, जवळजवळ रोज एक. मन होईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एखादी आणि न लिहिणाऱ्यांना त्याहूनही विरळ. लिहिण्याचा वाफसा लिहिण्यातूनच येतो, असा याचा अर्थ मी घेते. तुम्ही वाट पाहून चुकलात असं म्हणणार नाही, पण आणखी वाट पाहू नका.

मग बसायचं कसं? दोनशे पानी लाँगबुक घ्या. फक्त उजव्या पानावर लिहा, डावं कोरं ठेवा. ते पुढे निंदणाच्या वेळी लागेल. मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा, नेट बंद करा, मोबाईल उपडा ठेवा. गजर होईपर्यंत खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही, पेन थांबवायचा नाही. शब्द आठवला नाही तर तिथे फुली मारून पुढे जा. वाक्य फसलं तर फसू द्या आणि खालच्या ओळीवर तेच दुसऱ्या तऱ्हेने लिहा. अगदीच काही आलं नाही तर समोर जे आहे ते लिहा : कोठीवरचा कंदील, दोरीवरचे ओले कपडे, सासूचा खोकला. दोन-तीन मिनिटांत त्यातूनच एखादं माणूस बोलायला लागतं.

गजर झाला की उठायचं, आणि शक्यतो वाक्य अर्धवट ठेवून. "मंग मायनं" एवढंच लिहून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झगडावं लागत नाही, वाक्य पुरं करता करता गाडी पुढे निघते. अख्खा प्रसंग संपवून उठण्याचा मोह होईल, पण दुसऱ्या दिवशीची अडचण बहुतेक वेळा त्यातूनच जन्मते.

घोटाळा होतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पानं कचऱ्यासारखी वाटायला लागतात, मागचं चाळून बघावंसं वाटतं, चाळलं की पुन्हा खोडणं सुरू. म्हणून लिहिलेली पानं रबर लावून बंद ठेवा. दुसरा घोटाळा उलटा आहे. एखाद्या दिवशी रंगात येऊन दोन तास लिहायचं, मग दमून चार दिवस वहीकडे बघायचंच नाही. चांगल्या दिवशीही पंचवीस मिनिटांवर हात आवरा.

हिशेब असा आहे. लाँगबुकाच्या एका पानावर चोवीस-पंचवीस ओळी, ओळीत आठ शब्द, म्हणजे साधारण दोनशे शब्द. पंधरा मिनिटांत तुमचं पाऊण पान, दीडशे शब्द सहज होतील. आठवड्यात पाच दिवस धरले तर तीन आठवड्यांत सव्वादोन हजार शब्द होतात, आणि अंकातल्या एका छोट्या कथेला तेवढे पुरतात. मग एक आठवडा वही पेटीत. त्यानंतर दोन आठवडे निंदण. मृगाच्या मधल्या दिवसांत सुरुवात केली तर जुलैअखेर हे बसतं.

पण हे दिवस पेरणीचे आहेत, हे मी विसरलेले नाही. पाऊस पडला की तुमच्या हातात पंधरा मिनिटंही नसतील. अशा दिवशी तीन ओळी लिहा, उभ्याने लिहिल्या तरी चालतील, पण दिवस कोरा जाऊ देऊ नका. आणि रात्रीची वेळ शक्य असेल तर बदला. वावरात दुपारची भाकर खाल्ल्यावर बाया झाडाखाली टेकतात, ती वेळ बघा. किंवा पहाटे, चूल पेटवण्याआधी. घरातल्यांना "मी कथा लिहिते" असं सांगण्यापेक्षा "इतक्या वाजेपर्यंत मले आवाज देऊ नका" एवढं सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं.

हातात पेन धरताच भाषा ताठ होत असेल, आणि तुमची होते आहे, तर आधी बोला. मोबाईलमधल्या रेकॉर्डरवर तीन-चार मिनिटं, जसं मायला फोनवर सांगाल तसं. डवरणी चालू असताना धुऱ्यावर उभं राहूनही हे होतं. मग थोडं थोडं ऐकून जसंच्या तसं उतरवून काढा. बोलून आपोआप टाइप होण्याची सोय मराठीत आहे, पण वऱ्हाडीसाठी तिच्यावर विसंबू नका. तिचा कान प्रमाण मराठीला सरावलेला आहे, "मले" आणि "आल्ता" यांचं ती भलतंच काहीतरी करून ठेवू शकते. त्या दुरुस्तीत पुन्हा तुमचं निंदण सुरू होईल.

आता तो "निवेदन शुद्ध लिहा" हा सल्ला. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. कथा दूरच्या वाचकापर्यंत पोचावी, असं त्यांना वाटलं असेल. पण "शुद्ध" हा शब्द मी बाजूला ठेवते. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकाराला आलं. म्हाइंभटांनी माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून, चक्रधरांचं बोलणं टिपून ते उभं केलं. बोललेलं वाक्य जपून कागदावर आणणं हीच आपल्या गद्याची सुरुवात आहे. तुमच्या सासूचं वाक्य त्याच वाटेवरचं आहे.

तुमच्यापुढे वाटा तीन आहेत. सगळं वऱ्हाडीत लिहायचं, किंवा संवाद वऱ्हाडीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, किंवा निवेदन प्रमाण मराठीतच पण शब्द तुमचे : वावर, धुरा, कुटार, सोंगणी. सांगणारी बाई कथेतलीच असेल, म्हणजे "मी" असेल, तर पहिली वाट धरा. जी बाई सासूशी "मले" बोलते, ती वाचकाशी "मला" कशाला बोलेल? गोष्ट बाहेरून कोणी सांगत असेल तर तिसरी वाट चांगली, ती दूरच्या वाचकालाही सोपी जाते. मधली वाट सर्वांत जास्त वापरली जाते, पण तिच्यात एक खोट राहते : लेखक अंगणात खुर्ची टाकून बसला आहे आणि माणसं खाली बसली आहेत, असं वाचताना जाणवत राहतं. निवड तुमची. एकदा ठरलं की वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी करा : "मांगं" की "मागं", "अन्" की "आन्", "तुह्या" की "तुया". एकच रूप धरा. वऱ्हाडी लिहिताना संपादकांची खरी तक्रार बहुधा या धरसोडीची असते. आणि अवघड शब्दाचा अर्थ देत बसू नका. "धुऱ्यावर बसून भाकर सोडली" म्हटलं की पुण्याच्या वाचकालाही धुरा बसण्याजोगा असतो एवढं कळतं, बाकीचं तो पुढच्या पानांत शिकतो.

जाऊबाईंचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण मला वाटतं की खरा चिखल तिथेच आहे. पत्रात तुम्ही तो एका ओळीत आटोपलात, पण तुमच्या नऊ वाक्यांकडे पुन्हा बघा. प्रत्येक वाक्यात माणूस थोडं थोडं पुसलं गेलं आहे, शेवटी कोणी ओळखूच येणार नाही इतकं. पेन उचलताना कोण दुखावेल हे तुम्ही आधी तपासता, आणि या तपासणीतून सासू, माय, शेजारीण कोणीच पार होत नाही.

"लेखकाने कोणाची पर्वा करू नये" असं मी तुम्हाला सांगणार नाही. शहरात राहून ते सोपं आहे. तुम्हाला त्याच अंगणातून रोज पाणी न्यायचं आहे. शिवाय जाऊबाईंचं दुखणं खोटं आहे, असंही धरून चालू नका. त्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट न विचारता छापली गेली असेल, तर त्यांचं काहीतरी खरंच गेलं आहे. जमलं तर एकदा जा, एकट्या असताना. "ती तुम्ही नाहीच" असं म्हणू नका, दोघींनाही ते खोटं असल्याचं माहीत असेल. "बाई, तुमाले न विचारता लिवलं, ते माह्यं चुकलं" एवढंच पुरे. बोलणं लगेच सुरू होईल असं नाही. पण तुमच्या मनावरचा तो धोंडा हलेल, आणि पेन हलायला तेवढं लागतं.

पुढच्या कथेसाठी एक रीत धरा. एका माणसाची जीभ, दुसऱ्याचं घर, तिसऱ्यावर आलेला प्रसंग, असं मिसळा. लेकरांची संख्या, जात्याची जागा, नवऱ्याचा धंदा बदला. खोड बदलली नाही तर बाकी सगळं बदलूनही माणूस ओळखू येतं, हे लक्षात ठेवा. पदराचं टोक चावायची सवय, एखादं पेटंट वाक्य, लंगडणं, या गोष्टी दुसऱ्याच कोणाच्या घ्या. भावना मात्र जशीच्या तशी ठेवा, ती कोणा एकीची नसते. आणि हे सगळं निंदणाच्या आठवड्यात करायचं. कच्च्या वहीत खरी नावंसुद्धा लिहा. ती वही कोणी वाचणार नाही, पेटीला कुलूप लावा हवं तर. काय छापायचं हा निर्णय जुलैचा आहे, तो जूनमध्ये घेऊ नका.

संपादकांना १५ जुलैला फोन करा. तोवर दीड हजार शब्द झाले असतील तर तारीख पक्की सांगा. झाले नसतील तर "कथा होणार नाही, आठशे शब्दांचा ललित लेख चालेल का" असं सरळ विचारा. वेळेत कळवलेला नकार संपादकांना चालतो. शेवटच्या आठवड्यात फोन न उचलणाऱ्यांचा त्यांना खरा त्रास होतो.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, पण सगळ्यांचं अडणं एका जातीचं नसतं. कथा मध्यावर येऊन थांबली असेल तर चूक बहुधा त्या जागी नसते, दोन प्रसंग मागे असते. तिथे जाऊन डाव्या पानावर लिहा : "या क्षणी हिला काय पाहिजे?" उत्तर एका ओळीत आलं नाही तर तो प्रसंग काढून बघा. विषय फार मोठा घेतला असेल, "शेतकऱ्याचं दुःख" असा, तर त्याची एक दुपार करा : बाजार समितीत गाडी उभी आहे, तूर ओली म्हणून भाव पाडला आहे, आणि डब्यातली भाकर अजून खाल्लेली नाही. माहितीच कमी पडत असेल तर लिहिणं थांबवा आणि विचारायला जा. जिनिंगवर काम करणाऱ्या माणसाशी तासभर बोललात की चार पानं आपोआप भरतात.

आणखी एक, हे गंभीरपणे वाचा. फक्त लिहिणंच नाही तर जेवण, झोप, लेकरांशी बोलणं, सणवार, कशातच दोन आठवड्यांहून अधिक मन लागत नसेल, तर ते लिहिण्याचं दुखणं नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेली मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, तरी स्वतःला एकदा विचारून बघा.

उद्या बसाल तेव्हा पहिलं वाक्य नव्याने शोधू नका. ते तुमच्याकडे आहे. खोडलेलं वाक्य उजव्या पानाच्या माथ्यावर उतरवून घ्या : "सासूनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं अन् मले म्हणे, तुह्या मायचा फोन आल्ता." गजर लावा, आणि मायनं फोनवर काय सांगितलं होतं ते लिहा.